आलेली पत्रं

क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या समाच्या घरी पाच-सहा जणी जमल्या होत्या. चहा झाला, एकमेकींची क्षमा मागून झाली, सुखडीचा डबा फिरला. आणि समोरच्या ब्लॉकमधल्या बेननी मला गुजरातीत सरळ विचारलं, "भाभी, तुम्ही लिहिता तरी कशाला? पैसे मिळत नाहीत. घरचे खूश नाहीत. वर लोकांची बोलणी. आम्हाला कुणी एक शब्द बोललं तर दोन दिवस जेवण जात नाही. तुम्ही हे पचवता कसं?"

मी हसले आणि म्हटलं, "अजून एक तुकडा घ्या ना." बाईला उत्तर सुचलं नाही की ती खाण्याचा आग्रह करते, हे तुम्हालाही माहीत आहे.

पण प्रश्न काही गेला नाही. त्याला कारणही होतं. या संग्रहाचं काम तेव्हा सुरू होतं आणि एक लेख घ्यायचा की नाही, यावर माझं अडलं होतं. तीन वर्षांपूर्वी समाजाच्या एका मासिकात तो छापून आला होता. दशलक्षणात दहा-दहा उपवास करणाऱ्या सुनांवर मी लिहिलं होतं. पारण्याला हार, शाल, फोटो सगळं होतं. पण तिला हे करायचं होतं का, की सासरच्या शब्दाखातर ती बसली, हे कुणी विचारत नाही, असा त्या लेखाचा रोख होता. उदाहरण म्हणून एका सुनेची हकिगत दिली होती. सातव्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो आता उपवास मोडणार की काय, हा. नाव दिलं नव्हतं. पण ती माझी धाकटी जाऊ होती, आणि ज्यांना कळायचं त्यांना ते कळलं.

त्या लेखावर अकरा पत्रं आली. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात मी ती ठेवली आहेत. बेनच्या प्रश्नाचं उत्तर त्या डब्यातच कुठेतरी असणार, असं वाटलं. पण डबा उघडायच्या आधी मी कपाटातली दोन पुस्तकं काढली. आपल्यावर पाऊस पडला की आधी कुणी भिजलं होतं का, हे बघावंसं वाटतं. ही दोन्ही पुस्तकं मी सांगलीला बी.ए.ला असताना परीक्षेपुरती वाचली होती. पन्नाशीत वाचताना ती वेगळीच वाटली.

पहिलं ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना'. पुण्यात १८८२ साली छापलेलं छोटंसं पुस्तक. प्रती काढल्या पाचशे, किंमत नऊ आणे. बाई वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले, त्यामुळे मुलीला घरी लिहायला-वाचायला मिळालं. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. या पुस्तकाचं मूळ आमच्या गुजरातेत आहे. इथून दक्षिणेला दोन-तीन तासांवर सुरतेजवळ ओलपाड आहे. तिथल्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले, आणि जन्मलेल्या मुलाला मारल्याबद्दल १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि पुढे आणखी कमी होऊन पाच वर्षांवर. या खटल्यावर वर्तमानपत्रांतून लिहिलं गेलं. 'पुणे वैभव'ने तर एका विजयालक्ष्मीवरून साऱ्या बायकांच्या चालीरीतींवर कोरडे ओढले. ते वाचून बुलढाण्यात बसलेली ताराबाई पेटली.

ती विजयालक्ष्मीला भेटली नव्हती. वऱ्हाड कुठे आणि ओलपाड कुठे! तरी तिला राहवलं नाही. कुणीतरी छापून एक विधान केलं होतं आणि त्याला कुणीच उत्तर देत नव्हतं. बेन, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे. बाई नेहमी काही सांगायचं असतं म्हणूनच लिहायला बसते असं नाही. पुष्कळदा कुणीतरी आपल्याबद्दल आधीच बोलून गेलेलं असतं, आणि आपण गप्प राहिलो तर तेच खरं ठरणार असतं. माझा उपवासाचा लेखसुद्धा असाच निघाला. पारण्याच्या समारंभात एका वक्त्यांनी सांगितलं की आमच्या सुना हसत-हसत दहा उपवास करतात. माझ्या शेजारी बसलेली जाऊ त्या वेळी हसत नव्हती.

ताराबाईच्या पुस्तकात सुरुवातीलाच ती वाचकांची माफी मागते. हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, आपण मराठ्यांच्या चालीप्रमाणे घरात कोंडलेली बाई, आपल्याला ज्ञान ते किती, अशा अर्थाचं ती लिहिते. आणि पुढची पानं उलटावीत तर शास्त्रं लिहिणारे, देव, राजे, सुधारक, कादंबऱ्या लिहिणारे असे सगळे तिच्या तडाख्यात सापडतात. बायकांना जे जे दोष लावता ते तुमच्यात नाहीत का, हा तिचा एकच सवाल, आणि एकेक दोष घेऊन ती हिशेब मांडते. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी आणतो. नवरा मेला तर बाईनंच का आयुष्यभर कोपऱ्यात बसायचं? त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांत बायका कशा रंगवल्या आहेत, तेही ती उलगडून दाखवते. तिला आपण रागीट म्हणतो, पण ती चांगली वाचकही होती. दुसऱ्याचा मजकूर नीट वाचून त्यातली खोच काढणं, हेच तर समीक्षकाचं काम.

माफी आणि मारा एकाच पुस्तकात कसे, हा प्रश्न मला कॉलेजात पडला नव्हता. आता पडतो, कारण मीही तेच करते. माझ्या पहिल्या संग्रहाचं मनोगत काढून पाहिलं. 'मी काही लेखिका नाही, एक साधी गृहिणी', 'काही चुकलं असल्यास क्षमस्व', 'मोठ्यांनी सांभाळून घ्यावं', सगळं दीड पानात. दारावर टकटक करण्याआधीच हात जोडलेले. ताराबाईच्या वेळी त्याला कारण होतं. तिनं दार ठोठावलं होतं ते पुरुषांच्या घराचं. माझ्या वेळी वाचक बहुतेक बायकाच होत्या. मग ते हात कुणासाठी जोडले होते? मला वाटतं, टीका येण्याआधी आपणच स्वतःला थोडं मारून घेतलं की समोरचा कमी मारेल, अशी ती भाबडी आशा असते. ती खरी ठरत नाही. माझ्या अकरा पत्रांतल्या एका पत्रात माझंच ते वाक्य उलटून लिहिलं होतं: तुम्ही स्वतःच म्हणता लेखिका नाही, मग कशाला लिहिता?

ताराबाईच्या पुस्तकाच्या उणिवाही सांगायला हव्यात, नाहीतर हे नुसतं ओवाळणं होईल. ती एका दमात बोलते. विषय पुढे जातो, मागे येतो, मध्येच शिव्याशापांची सर येते. पतिव्रताधर्म कसा एकतर्फी आहे हे ती अगदी नेमकं दाखवते, पण पुन्हा त्याच पतिव्रतेच्या थोरवीकडे तिचा पाय वळतो. विचार पुरता सुटलेला नाही. पण भाषा! घरातली, ओट्यावरची, जिवंत भाषा. पुस्तकी मराठीत ती हे लिहायला गेली असती तर निम्मी धार गेली असती.

पुस्तकाचं स्वागत टिंगलीनं झालं. सत्यशोधक मंडळींतल्याही काहींना ते रुचलं नाही, आणि हे अधिक लागणारं. परक्यानं झोडपलं तर बाई पदर खोचते, घरच्यांनी नाक मुरडलं की हातातली लेखणी जड होते. जोतीराव फुले मात्र तिच्या बाजूनं उभे राहिले. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी तिची कड घेतली आणि आपल्याच माणसांना सुनावलं. जोतीरावांचा हा मोठेपणाच. पण मनात येतं, तिची बाजू मांडायला एकही बाई कशी उभी राहिली नाही? वाचणाऱ्या बायकाच तेव्हा किती होत्या, हे त्याचं उत्तर. आज आपण लाखांनी वाचतो, तरी एखादीवर गिल्ला झाला की आपण काय करतो? फोन करून हळूच सांगतो, "तुझं बरोबर आहे गं, पण माझं नाव सांगू नकोस." मला असे चार फोन आले होते. अकरा पत्रांत ते मोजलेले नाहीत, कारण ते कुठेच नोंदलेले नाहीत.

ताराबाईचं दुसरं पुस्तक नाही. ती १९१०च्या सुमारास गेली. पुस्तकही विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, तेव्हा त्याला जवळजवळ शंभर वर्षं झाली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि आता जगभर ते शिकवलं जातं. ती पुढे का लिहिती झाली नाही, त्याचं कारण आपण आपल्या मनानं ठरवू नये. पण पाचशे प्रती आणि पुढे कोरी पानं, एवढं तरी डोळ्यांपुढे ठेवावं.

दुसरं पुस्तक आहे विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास', १९३३ सालचं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे त्या कथांत आहे. मुलीच्या पगारावर घर चालतं म्हणून तिचं लग्न पुढे ढकलणारं घर आहे. चांगल्या घरातली मुलगी शरीराबद्दल काही वाटून घेते, आणि ते लिहिलं जातं, हेच तेव्हा अनेकांना सहन झालं नाही. मोठं वादळ उठलं. त्यात भर म्हणजे ही विभावरी कोण, हेच कुणाला माहीत नव्हतं. विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूर हे गाव. नाव बनवलेलं होतं. बाई आहे की बाईच्या नावानं लिहिणारा पुरुष, यावर तर्क चालले. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी गुपित राखलं. नावामागे होत्या बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या.

ताराबाईनं स्वतःचं नाव आणि गाव घालून लिहिलं. विभावरीबाईंनी नाव झाकलं. तेव्हा भित्री कोण आणि धीट कोण, असा निवाडा कॉलेजात आम्ही पटकन केला होता. आज मला तो पोरकट वाटतो. नाव झाकल्यानं विभावरीबाईंना एक गोष्ट मिळाली. लोकांना त्यांचं घर, त्यांचे आईवडील, त्यांचं लग्न झालं आहे की नाही, यावर बोलता येईना. बोलायचं तर कथेवरच बोला! पण गंमत अशी की पुष्कळांनी कथा बाजूला ठेवली आणि बाई शोधायला निघाले. मजकुराशी भांडण्यापेक्षा मजकूर लिहिणारीला गाठणं सोपं असतं.

टोपणनावाचा तोटाही होता. उठून "हे मी लिहिलंय, आणि का लिहिलंय ते ऐका" असं म्हणता येत नाही. विभावरीबाईंनी उत्तर दिलं ते पुढच्या पुस्तकानं. गिल्ला थांबेपर्यंत त्या वाट बघत बसल्या नाहीत. १९३४ सालीच 'हिंदोळ्यावर' आलं. त्यात तर नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईचं दुसऱ्या पुरुषावरचं प्रेम आहे. म्हणजे मागे सरणं नाहीच, एक पाऊल आणखी पुढे. पुढे सोलापूरला गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी काम केलं आणि त्या अनुभवावर १९५० साली 'बळी' लिहिली. माझ्या मते ती त्यांची सर्वांत भारी कादंबरी. पहिल्या पुस्तकावरच्या टीकेत त्या अडकून पडल्या असत्या, प्रत्येकाला खुलासे देत बसल्या असत्या, तर 'बळी'पर्यंत पोचल्या असत्या का?

आता टीका या शब्दाकडे येते. आपण तो किती वाईट करून ठेवलाय! "माझ्यावर टीका झाली" म्हणजे मला नावं ठेवली, एवढाच अर्थ उरलाय. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. आणि आपल्या घरचं उदाहरण घ्या. षट्खंडागमावरची आचार्य वीरसेनांची 'धवला' ही टीका आहे, बहात्तर हजार श्लोकांएवढी. नवव्या शतकात वीरसेन वाटग्रामाला आले, तिथल्या जिनालयात त्यांना बप्पदेवांची जुनी टीका मिळाली आणि ते लिहायला बसले, अशी परंपरा आहे. हे वाटग्राम म्हणजे आपलंच वडोदरा, जुनं वटपद्र, असं काही जण मानतात. काही जण नाशिककडचं गाव सांगतात. वडोदऱ्यात राहणारीनं कुठला पक्ष घ्यायचा, ते सांगायला नको. पुढे या ग्रंथाची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला शतकानुशतकं जपली गेली आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांनी ती संपादून एकेक भाग छापला. सोळा भाग व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली. वीरसेनांनी काय केलं? सूत्रातला एकेक शब्द घेतला, त्याला प्रश्न विचारला, शंका काढली, शंकेचं समाधान केलं. टीकाकार म्हणजे मजकुराची गाठ सोडवणारा. त्यानं मजकुराला कमी लेखलं नाही आणि डोळे मिटून मानही डोलावली नाही.

दुसरा शब्द आलोचना. हिंदीत आलोचना म्हणजे दुसऱ्याची समीक्षा. आपल्या धर्मात आलोचना म्हणजे आपलाच दोष गुरूंपुढे सांगणं. लहानपणी आमच्या बस्तीत आजी आलोचना पाठ म्हणायची तेव्हा मला वाटायचं ती दुसऱ्या कुणाची तक्रार करते आहे! निंदा आणि गर्हा हे शब्दही तसेच. निंदा स्वतःच्या साक्षीनं, गर्हा गुरूंच्या साक्षीनं, आणि दोन्ही आपल्याच दोषाची. दुसऱ्याबद्दल वाईट बोलायला शास्त्रानं वेगळी नावं ठेवली आहेत. समोरच्या बेन प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकं म्हणतात, त्यांच्याकडून मी ती नीट समजून घेतली. नसलेला दोष चिकटवणं म्हणजे अभ्याख्यान, चहाडी म्हणजे पैशुन्य, आणि इतरांची निंदा करत राहणं म्हणजे परपरिवाद. केवढी बारीक विभागणी! आपण मात्र सगळ्याला सरसकट टीका म्हणतो, आणि मग सगळ्यालाच घाबरतो किंवा सगळंच झटकून टाकतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी डबा उघडला.

अकरापैकी तीन पत्रं कौतुकाची होती. ती मी पूर्वी दहा वेळा वाचली होती, आता बाजूला ठेवली. एक निनावी होतं, मी हे सगळं नाव व्हावं म्हणून करते आणि घरात सासूबाईंना जेवायला वाढत नाही, असं. सासूबाईंना मी ते तेव्हाच वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "वाढतेस गं, पण मीठ कमी घालतेस." हे अभ्याख्यान. त्याला उत्तर नाही, कारण उत्तर द्यायला त्यात मजकूरच नाही. चार पत्रांत एकच सूर होता: सुनेनं धर्मावर बोलू नये, घरातलं बाहेर नेऊ नये, अन्य समाजांत आपलं हसं होतं. यात मजकूर थोडा आहे, बाकी मी कोण आहे यावर बोलणं. पूर्वी याच चार पत्रांनी माझी झोप घालवली होती. या वेळी त्यांतून एवढंच घेतलं की समाजाबाहेरचे वाचतील ही भीती खोटी नाही, आणि पुढे लिहिताना उपवास म्हणजे काय, हे न जाणणाऱ्यालाही कळेल असं लिहावं. बाकीच्याला उत्तर द्यायचं नाही. माझं हे गप्प राहणं मी निवडलेलं आहे, माझ्यावर कुणी लादलेलं नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा तपासून बघावं लागतं. दोन्ही गप्पा बाहेरून सारख्याच दिसतात. दोन पत्रांत तिथी आणि विधीच्या चुका दाखवल्या होत्या. त्या खऱ्या होत्या, दुरुस्त केल्या, आणि दोघांना आभाराचं कार्ड टाकलं. तीन वर्षांनी! लाज वाटली, पण टाकलं.

राहिलं अकरावं. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, वहीच्या पानावर, पेन्सिलीनं लिहिलेलं. बाई सत्तरीच्या. पहिल्यांदा मी ते अर्धं वाचून ठेवून दिलं होतं, कारण पहिलीच ओळ होती की तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. म्हटलं, आणखी एक. या वेळी पूर्ण वाचलं. त्यांनी लिहिलं होतं, ते माझ्या शब्दांत सांगते. लग्न होऊन त्या एकत्र कुटुंबात आल्या. वर्षाचे तीनशे पंचावन्न दिवस त्यांचं शरीर घराचं होतं, चूल, शेत, बाळंतपणं. दशलक्षणातले दहा दिवस तेवढे त्यांचे. त्या दिवसांत त्यांना कुणी रांधायला सांगत नसे, कुणी आवाज चढवत नसे, त्या बस्तीत बसून असत. उपवास त्यांच्यावर कुणी लादला नव्हता. उलट सासऱ्यांचा विरोध असतानाही त्यांनी तो केला. आणि आता मी लिहिते की सुना सासरच्या शब्दाखातर बसतात! माझं म्हणजे एवढंच होतं, तेही तुम्ही सासरच्यांच्या नावावर लिहून दिलंत, असं त्यांचं म्हणणं.

मैत्रिणींनो, ही टीका. मी जिथे एकच धागा पाहिला होता, तिथे दुसराही आहे हे त्यांनी काढून दाखवलं. अनेकान्तावर मी दोन भाषणं केली आहेत आणि माझ्या स्वतःच्या लेखात एकच अंत होता. ताराबाईनं 'पुणे वैभव'ला जो प्रश्न विचारला, एकीवरून साऱ्याजणींबद्दल कसं बोलता, तोच या आजींनी मला विचारला होता. आणि मी तीन वर्षं ते पत्र अर्धं वाचलेलं ठेवून स्वतःला टीकेची बळी समजत होते.

मी त्यांना उत्तर लिहिलं. त्यांच्या मुलाचं पत्र आलं, आईला डोळ्यांनी आता दिसत नाही, तुमचं पत्र वाचून दाखवलं, आईनं जयजिनेंद्र सांगितलंय. बस, एवढंच. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही.

एक पत्र मात्र डब्यात नव्हतं, कारण ते लिहिलंच गेलं नव्हतं. धाकट्या जाऊबाईचं. लेख छापून आल्यावर ती काही बोलली नाही. माझ्याकडे येणं मात्र कमी झालं. मी समजत होते की घरच्यांनी तिला अडवलं असणार. म्हणजे पुन्हा तेच, तिच्या मनातलं मी सासरच्यांच्या नावावर टाकत होते. अकरावं पत्र वाचलं त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. ती मेथी निवडत होती, मीही बसले निवडायला. म्हटलं, "त्या लेखात तुझं लिहिलं ते तुला विचारून लिहायला हवं होतं. माझं चुकलं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. मलाही ते लोकांना कळायला हवंच होतं. पण तुम्ही विचारलं नाही. पडले मी, आणि ते सांगितलं तुम्ही."

यावर मला काही बोलता आलं नाही. जिच्या बाजूनं लिहिते म्हणून मी मिरवत होते, तिचाच आवाज मी न विचारता वापरला होता. हे ताराबाईला लागू नाही. विजयालक्ष्मी तुरुंगात होती आणि तिला विचारणं शक्यच नव्हतं. माझी जाऊ तीन गल्ल्या पलीकडे राहते.

तेव्हा बेन, तुमच्या प्रश्नाचं जमेल तेवढं उत्तर असं. मी लिहिते कारण कुणीतरी आधी बोलून गेलेलं असतं आणि ते तसंच राहू द्यावंसं वाटत नाही. आणि पचवते म्हणाल, तर सगळं पचवायचं नसतंच. जे माझ्यावर आहे ते सोडायचं, जे लेखावर आहे ते वाचायचं, पूर्ण वाचायचं, पहिल्या ओळीला फुगून ठेवून द्यायचं नाही. यातलं दुसरं मला तीन वर्षं जमलं नाही.

तो लेख या संग्रहात घेतला आहे. जाऊबाईंची हकिगत त्यात आहे, पण आता ती तिनं सांगितली तशी आहे. ती बोलली, मी उतरवून घेतलं, तिनं वाचून दोन ठिकाणी खोडलं. ज्या वाक्यावर मी खूश होते तेच एक तिनं खोडलं. सांगलीच्या आजींचं म्हणणं त्यांच्या परवानगीनं, नावगाव न देता, लेखाच्या शेवटी जोडलं आहे. माझ्या मताला ते छेद देतं आणि तसंच राहू दिलं आहे. आणि या वेळी मनोगतात 'मी काही लेखिका नाही' हे वाक्य लिहिलेलं नाही.

पत्रं पाठवाल तर पत्ता पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे. डब्यात जागा आहे.